नावं आणि आकडे: उत्तर फ्रान्समधला एक सायकलरस्ता

फ्रान्स म्हटलं की जे फोटो डोळ्यांसमोर येतात, त्यांत बेतून ते आर्मांतियेर हा पट्टा कधीच नसतो. इथे द्राक्षांचे मळे नाहीत, लॅव्हेंडर नाही, नदीकाठचे किल्ले नाहीत. बीट, बटाटे आणि गहू पिकवणारी सपाट, ओलसर जमीन आहे. शेताच्या कडेने पाण्याचे चर आहेत, लाल विटांची घरं आहेत, आणि वारा आहे. तो बहुतेक वेळा समोरूनच येतो, निदान सायकलवाल्याला तरी तसंच वाटतं. लीलमध्ये राहणारे माझे फ्रेंच मित्र सायकल घेऊन समुद्राकडे जातात किंवा बेल्जियममध्ये. या बाजूला कोणी मुद्दाम येत नाही.

तरीही तुम्ही कधी लीलपर्यंत पोचलात, तर एक दिवस इथे द्या असं मी सांगेन. लीलहून लोकल गाडीने बेतूनला उतरायचं (सायकल गाडीत नेता येते), तिथून पूर्वेकडे निघायचं आणि संध्याकाळी आर्मांतियेरला परतीची गाडी पकडायची. सरळ गेलात तर जेमतेम पस्तीस किलोमीटर, आडवळणं घेतलीत तर पन्नास. चढ जवळजवळ नाहीच. पुणे-सिंहगड करणाऱ्यांना हा प्रवास म्हणजे विश्रांती वाटेल.

बेतूनच्या मुख्य चौकात चौदाव्या शतकातला घंटेचा मनोरा उभा आहे. त्याच्या भोवतीची घरं पाहिली की वाटतं, तीही तितकीच जुनी असणार. तसं नाही. 1918 मध्ये तोफांनी हा चौक सपाट केला आणि मनोरा तेवढा कसाबसा टिकला. बाकीचं सगळं 1920 च्या दशकात नव्याने बांधलं, जुन्यासारखं दिसेल असं. पुढच्या प्रत्येक गावात हेच आहे. चर्च विटांचं, शाळा विटांची, ग्रामपंचायतीची इमारत विटांची आणि सगळ्यांचं वय सारखंच. एखाद्या गावातली सगळी माणसं एकाच वर्षी जन्मली असावीत, तसं काहीसं वाटत राहतं.

सायकलच्या इतिहासातही हा मुलूख नाव ठेवून गेला आहे. पॅरिस-रूबे शर्यतीला 'उत्तरेचा नरक' म्हणतात हे अनेकांना ठाऊक असेल. बहुतेकांना वाटतं की ते तिथल्या खडबडीत दगडी रस्त्यांमुळे. पण हे नाव पडलं 1919 मध्ये. युद्ध संपल्यावर शर्यत पुन्हा सुरू करायची म्हणून आयोजक आणि पत्रकार रस्ता पाहायला निघाले. उत्तरेत पोचल्यावर त्यांना झाडांचे जळके बुंधे, चिखलाचे खड्डे आणि गावांच्या जागी विटांचे ढीग दिसले. नरक हा शब्द त्या देखाव्यासाठी होता.

बेतूनमधून बाहेर पडलं की कालव्याचा काठ लागतो. पूर्वी इथे घोडे बोटी ओढायचे, त्यांची ही वाट. आता ती चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची आहे. गोर नावाच्या वस्तीपाशी कालवा सोडून मी फेस्त्युबेरकडे वळलो. हे गाव भारतीय लष्कराच्या इतिहासात आहे. 1914 च्या नोव्हेंबरात, 23 आणि 24 तारखेच्या दरम्यानच्या रात्री, जर्मनांनी घेतलेले खंदक परत मिळवताना गढवाल रायफल्सचे नाईक दरवान सिंग नेगी प्रत्येक वळणावर सगळ्यांत पुढे राहिले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज तिथे शेतं आहेत, आणि ट्रॅक्टर.

खंदक म्हटलं की आपण खोल खड्डा डोळ्यांसमोर आणतो. इथे तो खणताच येत नव्हता. जमिनीत हात-दोन हात गेलं की पाणी लागतं. म्हणून मातीच्या पोत्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि त्यांच्याआड माणसं राहिली, पावसाळी थंडीत, गुडघाभर चिखलात. सप्टेंबर 1914 च्या अखेरीपासून मार्सेय बंदरात उतरलेल्या लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन ऑक्टोबरातच या आघाडीवर आणल्या गेल्या. ब्रिटनची छोटी, पगारी फौज तोवर पुरती झिजली होती आणि नवी फौज अजून तयार व्हायची होती. मधली फट या लोकांनी भरली.

ल तुरेचं स्मारक रस्त्याला लागूनच आहे. तेरा हजारांहून अधिक नावं आहेत तिथे, सगळी ब्रिटिश, आणि सगळी अशा माणसांची ज्यांचं थडगं सापडलं नाही. इथे मी पंधरा मिनिटांहून जास्त थांबलो नाही. खरं सांगायचं तर आकडा इतका मोठा झाला की नजर फिरते आणि काही वाचत नाही.

पुढे त्याच सरळ रस्त्याने पाचेक किलोमीटर गेलं की चौफुली येते आणि तिथे नव शापेलचं भारतीय स्मारक दिसतं. नव म्हणजे फ्रेंचमध्येही नवीनच, नवं देऊळ असा त्या गावाच्या नावाचा अर्थ. दोन भाषांमधला हा लांबचा नातेसंबंध मला प्रत्येक वेळी गंमतीचा वाटतो.

आता इथे थोडं थांबून, कारण माझ्या दृष्टीने या रस्त्यावरची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट इथे घडली, आणि तिचा पुण्याशी थेट संबंध आहे.

ऑक्टोबर 1914 च्या शेवटच्या आठवड्यात जर्मनांनी नव शापेल हे गाव घेतलं. 28 तारखेला ते परत घेण्यासाठी हल्ला झाला. त्यात 47 वी शीख पलटण होती, आणि तिच्या जोडीला 20 आणि 21 क्रमांकाच्या दोन सॅपर्स अँड मायनर्स कंपन्या. या कंपन्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे खडकीच्या. आज खडकीत जे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं केंद्र आहे, तीच ही परंपरा. यांच्यात शीख आणि मुसलमान होते तसे मराठेही होते. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा, रस्ता तयार करणारा सैनिक. तयार व्हायला वर्षं लागतात. पण त्या दिवशी पायदळ कमी पडत होतं म्हणून यांना संगिनी लावून सपाट शेतातून गावावर धाडलं गेलं.

ते गावात शिरले. घराघरांतून, गल्लीगल्लीतून हातघाईची लढाई झाली. मुख्य रस्त्यापर्यंत पोचले. मागून कुमक यायला हवी होती, ती आली नाही. जर्मनांनी उलट हल्ला केला आणि उरलेल्यांना ज्या उघड्या शेतातून आले होते त्याच शेतातून गोळ्या झेलत परतावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे इंग्रज अधिकारी जवळजवळ सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, आणि जवानांपैकीही फार मोठा हिस्सा. वर्षानुवर्षं शिकवलेले कारागीर एका दुपारी संपले. याला शौर्य म्हणायचं, आणि ते होतंच. पण सुताराला कुऱ्हाड देऊन लढायला पाठवणाऱ्याच्या हिशेबाबद्दलही काही म्हणायला हवं, आणि ते रेजिमेंटच्या इतिहासांत सहसा कुणी म्हणत नाही.

गाव जर्मनांकडेच राहिलं. ते परत मिळालं पाच महिन्यांनी, मार्च 1915 मध्ये. या दुसऱ्या लढाईचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत येतं, कारण ती ब्रिटिशांची या आघाडीवरची पहिली मोठी, आखून केलेली चढाई होती. विमानांतून फोटो काढून जर्मन खंदकांचे नकाशे बनवले गेले. 10 मार्चला सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या आणि पस्तीस मिनिटं चालल्या. गाव तासाभरात हाती आलं. मग सगळं अडकलं. टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या, पुढची तुकडी कुठे आहे ते मागे कळत नव्हतं, हुकूम येईपर्यंत तास निघून गेले आणि तेवढ्यात जर्मनांनी नवी फळी उभी केली. तीन दिवसांत साधारण दोन किलोमीटर जमीन मिळाली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांतली चार हजारांहून अधिक भारतीय होती. गढवाल रायफल्सचे गब्बर सिंग नेगी पहिल्याच दिवशी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ज्या ओबेरच्या टेकडीसाठी हे सगळं चाललं होतं, तिच्यावर मी नंतर सायकलने गेलो. टेकडी हा शब्द फारच उदार आहे. एक गिअर खाली केला आणि चढ संपला. पण वर थांबून मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं, की पंधरा किलोमीटरपर्यंत सपाट असलेल्या मुलखात सहा-सात मीटर उंची म्हणजे काय असते. खालचं प्रत्येक शेत, प्रत्येक झाड स्वच्छ दिसत होतं. बंदूक घेऊन इथे बसलेल्याला कुणाचीही हालचाल चुकत नसणार.

स्मारकाचा आराखडा हर्बर्ट बेकरचा. नवी दिल्लीतली सचिवालयं ज्याने बांधली तोच हा. वर्तुळाकार आवार आहे, पुढच्या अर्ध्या भागात दगडी जाळी, जुन्या स्तूपाभोवतीच्या कठड्याची आठवण देणारी. मध्ये सुमारे पंधरा मीटर उंचीचा खांब, त्यावर कमळ आणि त्याच्याही वर ब्रिटिश मुकुट. दोन्ही बाजूंना दगडी वाघ. अशोकस्तंभावर मुकुट बसवलेला पाहून आज कसंसंच होतं, पण 1927 मध्ये या स्मारकाचं अनावरण झालं तेव्हा ते कुणाला खटकलं नसावं. त्या समारंभाला मार्शल फॉश होते, कपूरथळ्याचे महाराज होते आणि रुडयार्ड किपलिंगही होता. किपलिंगचा एकुलता एक मुलगा 1915 च्या सप्टेंबरात इथून फार दूर नसलेल्या लोसच्या लढाईत नाहीसा झाला होता.

आवाराच्या मागच्या अर्ध्या भिंतीवर नावं आहेत. चार हजार सातशेहून अधिक, पलटणीनुसार लावलेली, प्रत्येक पलटणीत हुद्द्यानुसार. मी सॅपर्स अँड मायनर्सची पाटी शोधली. रोमन लिपीत कोरलेली नावं वाचायला वेळ लागतो. ळ आणि ल, ण आणि न, द आणि ड, सगळं एकाच अक्षरात बुडालेलं. आपल्याकडच्या नावावर येऊन नजर थांबते, ओठ हलवून पाहावं लागतं, मग ते नाव ऐकू येतं. मी तिथे एकटाच होतो, त्यामुळे मोठ्याने वाचली. संकोच वाटायला कोणी नव्हतं.

मराठी नावं कमी का, हा प्रश्न मला पडला होता. त्याची दोन उत्तरं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाची कल्पना पक्की केली आणि भरतीचा भर पंजाब, गढवाल, नेपाळकडे सरकवला. महारांची भरती तर 1890 च्या दशकात बंदच केली. ज्यांच्या बापजाद्यांनी बॉम्बे आर्मी उभी केली त्यांना दारातून परत पाठवलं, आणि 1917 मध्ये माणसं कमी पडू लागल्यावर 111 वी महार पलटण उभारली. युद्ध संपल्यावर 1921 मध्ये तीही मोडली. दुसरं उत्तर असं, की मराठा पलटणी फ्रान्सला आल्याच नाहीत. त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. कुतच्या वेढ्यात जी सहावी डिव्हिजन अडकली तिचं नावच पूना डिव्हिजन. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 अखेरपर्यंत वेढा चालला. घोडे कापून खाल्ले गेले, मग शरणागती, आणि त्यानंतर वाळवंटातून कैदेकडे पायपीट. त्या पायपिटीत आणि कैदेत किती तरी मेले.

त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. आणि इथे मुद्दा येतो. ज्या संस्थेने नव शापेलचं स्मारक बांधलं, तिनेच बसऱ्याचंही बांधलं. तिचं तत्त्व असं की मेल्यावर हुद्दा, वंश, धर्म यांत भेद नाही, प्रत्येकाचं नाव. फ्रान्समध्ये हे पाळलं गेलं. बसऱ्यात ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. भारतीय शिपायांचा मात्र फक्त आकडा. अमुक पलटण, आणखी इतके. 2021 मध्ये या संस्थेने स्वतःच्याच कारभाराची चौकशी करून अहवाल काढला. त्यात मान्य केलं, की निदान 1 लाख 16 हजार माणसं, बहुतेक आफ्रिकेतली आणि पश्चिम आशियातल्या आघाड्यांवरची, नावाने किंवा अजिबातच स्मरली गेली नाहीत, आणि त्यामागे त्या काळच्या वंशवादी समजुती होत्या.

म्हणजे फ्रान्समध्ये मेलेला खडकीचा सॅपर भिंतीवर नावाने आहे, आणि कदाचित त्याच्याच तालुक्यातला, टायग्रिसच्या काठी मेलेला शिपाई संख्येत आहे. युरोपमधल्या भिंती युरोपमधले लोक पाहणार होते. एवढाच फरक असावा, असं मला वाटतं. कुणाला याहून सौम्य कारण सापडलं तर मला ऐकायला आवडेल.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडे गेलात तर अनेक गावांत एक संगमरवरी पाटी दिसेल. चावडीच्या भिंतीत, शाळेच्या ओट्यावर, कधी देवळाच्या बाजूला. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके गेले, त्यांतले इतके मेले, एवढंच इंग्रजीत लिहिलेलं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात हा मेलेल्यांचा आकडा 46 आहे. एका गावातून. माझ्या आजोळीही अशी पाटी आहे, आकडा बराच लहान. लहानपणी आम्ही लगोरी खेळताना ती खांबासारखी वापरायचो. तिच्यावरही नाव एकही नाही.

स्मारकाच्या जवळच, चौफुलीच्या पलीकडे, पोर्तुगीज सैनिकांचं कबरस्तान आहे. 1,831 थडगी. 9 एप्रिल 1918 ला जर्मनांनी या पट्ट्यावर जो घाला घातला, त्यात इथली पोर्तुगीज डिव्हिजन चिरडली गेली. थडग्यांवरची आडनावं वाचत गेलो तर सिल्व्हा, परेरा, फर्नांडिस. गोव्यातल्या कुठल्याही शाळेचा हजेरीपट असावा तशी. गोवा तेव्हा त्यांचाच होता. नव शापेलजवळ एक मोडका ख्रिस्त युद्धभर उभा होता, पाय तुटलेला, छातीत गोळी शिरलेला. तो 1958 मध्ये पोर्तुगालला नेला आणि बातालियाच्या मठात तिथल्या अनामिक सैनिकाशेजारी ठेवला.

गावात एका घरासमोर मी पाण्याची बाटली भरून घ्यायला थांबलो. साठीच्या पुढची बाई बागेत काम करत होती. मी मोडक्या फ्रेंचमध्ये "मादाम, थोडं पाणी मिळेल का?" असं विचारलं. तिनं बाटली भरून दिली आणि विचारलं, "तुम्ही भारतातून? स्मारकासाठी?" मी हो म्हटलं. "दर वर्षी येतात," ती म्हणाली, "पण सायकलवर कोणी येत नाही." मग रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाली, "तिकडे बघा, पण हात लावू नका." खांबाच्या पायथ्याशी गंजलेला तोफगोळा ठेवला होता, हाताच्या कोपराएवढा. नांगराला लागला की शेतकरी तो असा कडेला ठेवतात आणि बॉम्बनाशक पथक येऊन घेऊन जातं. शंभर वर्षं उलटली तरी पीक येतंच आहे.

लोखंडच येतं असं नाही. 2016 मध्ये याच भागात खोदकामात दोन भारतीय सैनिकांचे अवशेष मिळाले. खांद्यावरच्या बिल्ल्यांवरून ते 39 व्या गढवाल रायफल्सचे हे कळलं, नावं कळली नाहीत. 2017 मध्ये लाव्हान्तीच्या लष्करी स्मशानभूमीत त्यांना निरोप देण्यात आला. लाव्हान्ती माझ्या वाटेवरच होतं. तिथे पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता, फार वेळ थांबता आलं नाही.

आणखी एक दिवस असेल तर बेतूनच्या दक्षिणेला नोत्र दाम द लोरेतच्या टेकडीवर जा. ही खरी टेकडी आहे, मांड्या भरून येतात. वर फ्रान्सची सगळ्यांत मोठी लष्करी दफनभूमी आहे आणि तिच्यासमोर 2014 मध्ये उभारलेलं स्मृतिवर्तुळ. धातूच्या पाचशे उंच पत्र्यांवर या प्रदेशात मेलेल्या 5 लाख 79 हजार 606 माणसांची नावं आहेत. जर्मन, फ्रेंच, ब्रिटिश, भारतीय, सगळी एकाच अकारविल्हे यादीत. हुद्दा नाही, देश नाही. कोण कुणाच्या बाजूने होता ते कळायला मार्ग नाही. सिंग आडनावाच्या ओळी एकाखाली एक चालत राहतात. टेकडीच्या पायथ्याशी कारांसी गाव आहे, तिथे 9 मे 1915 ला फ्रांस्वा फाबेर मारला गेला, टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला परदेशी, 1909 चा विजेता. त्याच दिवशी तिकडे ओबेरच्या त्या सहा-सात मीटरसाठी ब्रिटिश आणि भारतीय सैन्य पुन्हा एकदा चाललं होतं, आणि काहीही न मिळता परतलं.

वर्तुळाबाहेरच्या बाकावर बसून मी फोन काढला. स्मारकं बांधणाऱ्या त्या संस्थेच्या वेबसाइटवर सगळ्या नोंदी शोधता येतात, आणि भारतीय शिपायांच्या नोंदींत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. भिंतीवर नसलेली बसऱ्याची नावंही तिथे आहेत. अडचण स्पेलिंगची. शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. आजोळच्या गावाचं नाव मी आधी आजच्या पद्धतीने टाकलं, काही आलं नाही. मग शेवटचं अक्षर बदललं. तिसऱ्या प्रयत्नाला एक नोंद निघाली. मराठा पलटण, शिपाई, 1916, बसरा.

मामेभावाला स्क्रीनशॉट पाठवला. तिकडे रात्र झाली होती, तरी लगेच उत्तर आलं, "आडनाव काय दादा? कुणाच्या घरातला?"

नोंदीत आडनाव नव्हतं. त्याचं नाव होतं आणि बापाचं. ते दोन्ही मी मराठीत टाइप करून त्याला पाठवले. तो म्हणाला, सकाळी आप्पांना विचारतो, वरच्या आळीत या नावाचं कुणीतरी होतं असं ते म्हणायचे.